गोळी कुणी दिली?

मंडळी, आजचीच गोष्ट. सकाळी माझे वडील, अप्पा, इडली समोर असतानाच घामाघूम होऊन बरळायला लागले.

फोन केल्यावर या तमिळ गावातल्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत ती नवी सुरू झालेली फुकटची ॲम्ब्युलन्स आली. फुकट म्हटल्यावर मला आधीच संशय. त्यात उतरली विशीतली मुलगी! अप्पांना उचलायचं सोडून त्यांच्या बोटाला सुई टोचत बसली.

“ट्रेनिंग कुठं झालं तुमचं?” मी तमिळमध्ये दरडावलं.

“सांगते, सर. शुगर फार उतरलीय. आज शुगरची गोळी कुणी दिली?”

“मी!”

स्वयंपाकघराच्या दारातून बायको हळूच म्हणाली, “मीही दिली.”

मुलीनं शिरेतून ग्लुकोज सोडलं. थोड्या वेळानं अप्पांनी फिल्टर कापी मागितली.

तुमच्या घरी गोळी कोण देतं? आजच विचारा. पण प्रत्येकाला वेगवेगळं गाठून विचारा.