आकड्याच्या आदल्या संध्याकाळी

गव्हाच्या पिकाचा अंदाज जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी या बाईंच्या वाटेला जाऊ नये. कचेरीत त्यांना सगळे 'गहूबाई' म्हणतात. देशभरातल्या कापणीच्या नमुन्यांची बेरीज त्यांच्या टेबलावर होते, आणि आकडा जाहीर होईपर्यंत तोंडाला कुलूप. घरीसुद्धा! आणि घरी कोण? तर बेकरीवाला नवरा. बघा, काय पंचाईत!

यंदा पेरा वाढला होता, चार वर्षं पीकही चढतं होतं, त्यामुळे सगळे खुशीत. पण दाणा भरायच्या ऐन दिवसांत ऊन असं तापलं, की ओंब्या दिसायला भरगच्च आणि हातात घेतल्या तर पोचट. बेरीज चांगलीच घसरली. ऊन असंच लवकर यायला लागलं, तर पुढच्या सालाचंही काही खरं नव्हतं. उद्या पिठाचा भाव भडकणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

बाई घरी आल्या त्या थेट डबे घासायला बसल्या. चांगले लख्ख डबे! खाली बेकरीत नवरा पिठाच्या व्यापाऱ्याशी फोनवर बोलत होता आणि जिन्यातून सगळं ऐकू येत होतं.

"हा भाव आजच्यापुरताच? बरं, बरं."

घ्या हो, दोन महिन्यांचं घेऊन टाका! ओठांवर आलेलं बाईंनी गिळलं. भट्टीवर कारागिरांचीही पोटं अवलंबून होती. त्या उठल्या, बसल्या, झाकण कुठलं, डबा कुठला, काही सुधरेना.

"नको, आज नको," नवरा खालून म्हणाला.

संपलं! तो वर आला तेव्हा बाई रडवेल्या झाल्या होत्या.

"का नाही घेतलंत?" तोंडातून गेलंच. त्यांनी जीभ चावली.

नवरा शेजारी बसून डबे पुसू लागला. "साल वाईट असलं की तू डबे काढतेस. चांगलं असलं की गुणगुणतेस. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कळलं मला."

"अहो, मग?"

"मग काय! या दिवशी मी पीठ घेतच नाही. उद्या कुणी विचारलं, घरी काही बोललात का, तर तुला ताठ मानेनं नाही म्हणता यायला हवं. खोटं बोलणं तुला जन्मात जमायचं नाही."

बाईंनी हातातला डबा खाली ठेवला. "मागच्या वाईट सालीही कळलं होतं?"

"हो."

त्या साली त्यानं स्कूटर विकली होती, आणि पायी चालणं तब्येतीला बरं असं सगळ्यांना सांगत फिरला होता.