तुम्ही बघा आणि मला सांगा

रुवैसमध्ये आम्ही सगळ्याजणी त्यांना कॅप्टन म्हणायचो. गाडी सुरू झाली की त्यांची नजर रस्त्यावर खिळायची, ती मुक्कामाला पोचेपर्यंत इकडेतिकडे व्हायची नाही. मागून कोणी ओरडली, "ताई, समुद्र बघा किती हिरवा दिसतोय!" तर उत्तर ठरलेलं, "तुम्ही बघा आणि मला सांगा." आम्ही बघायचो आणि सांगायचो. अबू धाबीच्या रस्त्यावर समुद्र कुठे दिसतो, उंट कुठे उभे असतात, हे त्यांना आमच्याकडूनच कळलं होतं.

नव्वदच्या दशकातलं रुवैस म्हणजे अबू धाबीपासून अडीच तासांवरची रिफायनरी, कंपनीची घरं आणि पलीकडे वाळू. दातांचा डॉक्टर, साडीचा फॉल, मुलांचे बूट, सगळं अबू धाबीला. पुरुष शिफ्टमध्ये अडकलेले. कॅप्टन आणि त्यांचे यजमान नाना एकाच दिवशी ड्रायव्हिंगच्या परीक्षेला बसले होते. परीक्षक गाडीतून उतरला आणि म्हणाला, "मॅडम पास, साब खलास." नानांनी पुन्हा त्या वाटेला जायचं नाव काढलं नाही. ते मागे बसायचे आणि वसाहतीचं गेट ओलांडायच्या आत घोरायला लागायचे. "शिफ्टचं शरीर आहे," कॅप्टन म्हणायच्या. "हलतं काही मिळालं की झोपतं."

दर गुरुवारी त्यांची मोठी गाडी भरून आम्ही निघायचो. कोणाचं काय काम, आधी कुठे थांबायचं, हे मी आदल्या दिवशी ठरवून ठेवायची. चालवायचं त्यांनी. एकदा शेजारच्या मीनाला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या आणि आम्ही तिला घेऊन निघालो. मीना मागे किंचाळत होती. कॅप्टन मान न वळवता म्हणाल्या, "ओरड हवं तेवढं, बाई. फक्त माझा खांदा धरू नकोस, स्टिअरिंग हलतं." मुलगी हॉस्पिटलच्या दारात पोचल्यावर झाली, आणि ती कोणासारखी दिसते हेही कॅप्टननी आम्हालाच विचारलं. त्या तेव्हा पार्किंग शोधत होत्या.

दमले, हा शब्द मात्र मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. आम्ही बाकीच्या कायम दमलेल्या असायचो. उन्हाने, एसीच्या घरघरीने, नवऱ्यांच्या उलट्यासुलट्या झोपांनी. कॅप्टन प्रत्येकीला तिच्या दारात सोडायच्या, पिशव्या उतरवायला हात लावायच्या. "ताई, दमला असाल," म्हटलं की म्हणायच्या, "सगळं खलास झालं की दमेन." माझ्यामागे लागून त्यांनी मला लायसन्स काढायला लावलं, पण किल्ली कधी हातात दिली नाही. "असू दे गं, शैला. पर्समध्ये जागा आहे ना?"

रुवैसमधल्या त्यांच्या शेवटच्या दोनेक हिवाळ्यांत त्या अबू धाबीहून लवकर परतायला लागल्या. दुपारचा चहाही घेऊ द्यायच्या नाहीत. निम्मी कामं राहायची, आम्ही कुरकुरायचो. "यल्ला, यल्ला, चला लवकर, घरी खूप पडलंय," एवढंच त्या म्हणायच्या.

नाना निवृत्त व्हायचे त्या हिवाळ्यात त्यांनी हट्ट धरला. "जन्मभर भट्टीशेजारी बसलो. मला एकदा बर्फ दाखव." कॅप्टननी आइसलँड निवडलं. कारण व्यवहारी होतं. तिथेही गाड्या आपल्या दुबई-अबू धाबीसारख्याच रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग डावीकडे. सोबतीला त्यांनी मला घेतलं. माझ्या नवऱ्याला रजा नव्हती, आणि तिकिटं, हॉटेलं, लोकरीचे मोजे हे सगळं पाहायला कोणीतरी हवंच होतं. भाड्याच्या गाडीच्या कागदावर दुसरी ड्रायव्हर म्हणून माझं नाव त्यांनी स्वतःच घालायला लावलं. मला ते केवळ औपचारिक वाटलं.

चार-पाच दिवसांची सहल होती. खिळ्यांचे टायर, दक्षिण किनाऱ्याचा रस्ता. सकाळी उशिरापर्यंत अंधार, दुपार झाली म्हणेपर्यंत पुन्हा संध्याकाळ. नाना बर्फ बघायला आले होते आणि मागच्या सीटवर झोपले होते. गाडी थांबली की डोळे उघडायचे, "वा!" म्हणायचे आणि परत मिटायचे. वाऱ्याने भुरभुरणारा बर्फ रस्त्यावरून सापासारखा सरकत होता. "आपल्याकडची वाळूच की ही," कॅप्टन म्हणाल्या. "फक्त पांढरी." मग नेहमीचं वाक्य आलं, "तू बघ आणि सांग."

मी सांगत होते. डावीकडे गोठलेला धबधबा. उजवीकडे काळी वाळू, तिच्यापुढे समुद्र. उजेड उतरायला लागला तशा त्या जास्त विचारायला लागल्या.

"कडेला पिवळ्या खुंट्या आहेत ना?"

"आहेत."

"किती लांब आहेत?"

"ताई, या काय, इथेच. अगदी जवळ."

"पुढे वळण आहे का गं?"

वळण समोर होतं. स्वच्छ दिसत होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर आवळलेले, मान पुढे, आणि या थंडीत कपाळावर घाम. त्या देखावा विचारत नव्हत्या. रस्ता विचारत होत्या.

"डावीकडे," मी म्हटलं. "सावकाश. अजून थोडं. आता सरळ." आवाज शक्य तितका साधा ठेवला. पुढे गाडी बाजूला घेण्याइतकी जागा आली तिथे त्यांनी ब्रेक लावला. बराच वेळ वायपर चालू होते.

"दमले गं, शैला," त्या म्हणाल्या. "किल्ली घे."

वारा इतका होता की दार धरून उतरावं लागलं. गाडीच्या पुढून आम्ही एकमेकींना ओलांडून गेलो. मागून नानांचा झोपाळलेला आवाज आला, "पोचलो का?"

"पोचवतेय ती," कॅप्टन म्हणाल्या. "झोपा तुम्ही."

मुक्कामापर्यंतचा तो तासभर मी बैलगाडीच्या वेगाने काढला. हॉटेलात सूप पिताना कॅप्टननी सांगितलं. डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं. उजेड कमी झाला की कडेचं दिसत नाही, आणि हे वाढत जाणार. डॉक्टरांनी गाडी सोडायला सांगितली होती. "मी सोडली तर गुरुवारी तुम्ही सगळ्या कुठे जाणार?" त्या म्हणाल्या. नाना चमचा हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या न सांगता उजव्या दाराने आत बसल्या. थोड्या वेळाने काचेला नाक लावलं. "अगं, घोडे! वाऱ्याकडे पाठ करून उभे आहेत बघ सगळे." मी मान वळवली, तर म्हणाल्या, "तू पुढे बघ. मी सांगते ना." दिवसभर सांगत होत्या. नानाही जागे राहिले. ऊन पडलेला बर्फ, लाल छपराचं चर्च, कुंपणावरचा कावळा. इतक्या वर्षांचं न बघितलेलं त्या एका खिडकीतून भरून घेत होत्या.

उन्हाळ्यात ती दोघं पुण्याला गेली. जाताना त्यांनी मोठी गाडी मला विकत घ्यायला लावली. गुरुवार चालू राहिला. मागून कोणी उंट दाखवले की माझ्याही तोंडून तेच वाक्य निघायचं.

तीनेक वर्षांनी सुट्टीत पुण्याला गेले तेव्हा भावाची गाडी घेऊन त्यांना फिरवायला नेलं. खाली आलो आणि सवयीने दोघी एकदमच डाव्या दाराशी गेलो. दोघींचा हात एकाच हँडलवर. त्या खूप हसल्या. "सोड ते. इथे स्टिअरिंग पलीकडे. ही बाजू आता माझी."

परतताना दिवेलागण झाली. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, पण बोलत काही नव्हत्या. मग म्हणाल्या, "काय दिसतंय गं?"

मी सांगायला लागले. उसाच्या रसाचं दुकान. फुगेवाला. स्कूटरवर तिघं, मधलं पोर झोपलेलं.

माझ्या गुडघ्यावर त्यांनी हळूच थोपटलं.

"पुरे," त्या म्हणाल्या. "पुढे बघ."