बुधवारी या

आमचे हे शिंपी. कुणाला तोंडावर नाही म्हणणं यांना जन्मात जमलं नाही. कपडा तयार नसला की टाचण्या तोंडात धरून म्हणतात, "बुधवारी या."

निपुत्रिक आत्यानं यांच्या नावावर घर ठेवलं. ते विकून पैसा आला आणि गुळाला मुंगळे लागावेत तशी माणसं लागली. माझ्या भावाला गाडी हवी, यांच्या मित्राला हॉटेल काढायचंय, आणि ज्या चुलतदिरानं कधी ढुंकून पाहिलं नाही, त्याला आमची आठवण येऊन गहिवरून आलं. हे सगळ्यांना एकच सांगत सुटले, "बुधवारी या."

बुधवारी दुकानात बाजार भरायचा आणि चहा करून करून माझा पिट्टा पडायचा. "एकदाचं नाही म्हणून टाका ना!" मी ओरडायचे.

"ज्याला कपडा खरंच हवा असतो," हे म्हणायचे, "तो तिसऱ्या बुधवारीही येतो."

झालंही तसंच. भाऊ दुसऱ्याच बुधवारी तोंड फुगवून गेला, बाकीचे फिरकेनात. तिसऱ्या बुधवारीही आल्या त्या एकट्या नणंदबाई, लेकीच्या ऑपरेशनसाठी. यांनी मशीन तसंच सोडलं आणि त्यांना घेऊन थेट बँक गाठली.

मला बरं वाटलं. म्हटलं, आता स्वयंपाकघरातला गळका नळ तेवढा बदलून घ्या.

टाचण्या तोंडात धरून म्हणतात कसे, "बुधवारी बघू."

कपाळ माझं! दोन बुधवार गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून काढले. आज तिसरा. नळाखालची बादलीही सोबत आणलीय, काठोकाठ भरलेली.