भावाची द्राक्षं आणि माझा हळद्या

आमच्या हिरव्या चादरीला मधोमध एक भोक आहे. ते मी पाडलंय, कात्रीनं, पूर्ण शुद्धीत. परसात दोरीवर ती चादर वाळत घालायची, मागे स्टूल टाकून आपण बसायचं आणि भोकातून कॅमेऱ्याची नळी बाहेर काढायची, असा तो बेत होता. पाखरांना वाटतं चादर वाळतेय. चादर वाळून दोन तास झाले तरी ती तिथेच का, हा प्रश्न पाखरांना पडत नाही. आमच्या ह्यांना पडतो. शिवाय एकदा दुपारी तीच चादर पांघरून हे आडवे झाले आणि त्यांच्या पायाचा अंगठा भोकातून बाहेर आला. "हे काय आहे?" म्हणाले. मी म्हटलं, "लेन्सची जागा आहे. अंगठा काढा."

हे सगळं सुरू झालं मी शाळेतून निवृत्त झाल्यावर. इंदिरानगरला आमचं छोटं रो-हाउस आहे, मागे हातभर परस आणि त्यात एक पेरूचं झाड. जन्मभर पोरांवर ओरडून झालं होतं, आता कोणावर ओरडायचं हे कळेना, म्हणून मी पेरूच्या फांदीला तारेनं मातीचं परळ टांगलं आणि त्यात बाजरी, भिजवलेली डाळ, पपईच्या फोडी असं काही-बाही ठेवायला लागले. पाखरं आली. मग ह्यांनी कुठल्याशा सहलीसाठी घेतलेला आणि कपाटात पडून असलेला कॅमेरा मी ताब्यात घेतला.

ओरडायची सोयही आपोआप झाली. सातभाई यायचे तेच भांडत, अगदी मधल्या सुट्टीत नळावर भांडणाऱ्या पोरांसारखे. पारवे तर इतके निर्लज्ज, की मी टाळ्या वाजवल्या की मान हलवून खात राहायचे. आणि ती खार! ती परळात बसून खायची नाही, परळात निजायची. माझ्याकडे खारीच्या शेपटीचे अप्रतिम फोटो आहेत. त्याशिवाय रिकाम्या परळाचे, हलत्या फांदीचे आणि ह्यांच्या टकलाच्या एका बाजूचेही आहेत, कारण मी श्वास रोखून बसलेली असताना हे नेमके "चहा घेतेस का?" विचारायला समोरून येत. एकदा गॅस सिलिंडरवाला मागच्या दारानं आला आणि "ताई, पुस्तक" म्हणाला. मी चादरीच्या आडून हळूच म्हटलं, "फ्रीजवर आहे, हलू नका." तो बिचारा सिलिंडर खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला. बुलबुल उडून गेल्यावर मी त्याला सोडलं.

आणि मग एका सकाळी परळावर हळद्या आला.

पिवळाधमक. डोळ्यांत भरून काजळ घातलेलं, चोच गुलाबी. मी कॅमेरा उचलेपर्यंत त्यानं परळातलं एक द्राक्ष उचललं आणि गेला. मी ताबडतोब आमच्या पक्षीनिरीक्षणाच्या ग्रुपवर टाकलं: माझ्या परळावर हळद्या आला होता!

ग्रुपवर एक काका आहेत. हिवाळ्यात आम्ही सगळे नांदूर मधमेश्वरला पाणपक्षी बघायला जातो तेव्हा ते सगळ्यांच्या पुढे चालतात आणि मागच्यांना गप्प बसवतात. त्यांनी लिहिलं, "हळद्या शेंड्यावरचा पक्षी. ताटलीत येऊन जेवत नाही. फोटो?"

फोटो? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं मी पोरांना विचारत आले, "गृहपाठ केलास? वही दाखव." आता ह्या वयात मला वही मागतात! त्या दिवसापासून मला जगात दुसरं काही नको होतं. हळद्याचा फोटो, स्वच्छ, डोळ्यातल्या काजळासकट, आणि तो त्या काकांच्या नाकासमोर.

आता ते द्राक्ष आलं कुठून, हे सांगायला हवं. माझा धाकटा भाऊ निफाडला असतो, त्याची द्राक्षबाग आहे. हंगामात दर आठवड्याला एक पेटी तो स्वतः पिकअपमधून आणून देतो. बागेतले निवडक घड आधी बाजूला काढलेले, आक्कासाठी. ह्यांना गोड चालत नाही, मला खोकला होतो. म्हणून मी रोज एक घड परळात ठेवायला लागले. आणि हळद्याला पपई नको, डाळ नको, भावाची द्राक्षंच हवीत, हे माझ्या लक्षात आलं होतं. दर एक-दोन दिवसांनी यायचा, एक द्राक्ष उचलायचा, माझ्या फोटोत पिवळा फराटा सोडून पसार.

इथवर ठीक होतं. पण एका सकाळी चोचीत द्राक्ष धरलेल्या बुलबुलाचा फोटो फारच छान आला आणि तो मी स्टेटसला ठेवला. वर लिहिलं, 'पाहुण्यांना निफाडचा फराळ'.

पहिला फोन भावाचाच.

"आक्का, ते द्राक्ष आपलं हाय ना?"

"हो रे! फार गोड आहेत ह्या वर्षी."

झालं, तो सुरू झाला. "मी हितं बागेवर जाळ्या टाकतो. चमकपट्ट्या बांधतो. तांबडं फुटल्यापासून डबा बडवीत फिरतो, घसा बसला माझा! आन तू त्याच पाखरांना बसवून खाऊ घालती? वर फोटो काढती?"

"त्याच कशाला असतील? ही इंदिरानगरची पाखरं आहेत."

"पाखरांकडं रहिवासी दाखला असतो का, आक्का?"

फोन बंद. पुढची पेटी आली नाही. भावजयीनं निरोप दिला तो असा: "ते म्हणत्यात, आक्काला द्राक्षं पायजे आसतील तर समोर बसून खायची. आम्ही बघणार."

मीही काही कमी नाही. राग माझ्या नाकावर असतो आणि नाक मोठं आहे. मी बाजारातून द्राक्षं आणली. हळद्या आला, फांदीवरून वाकून बघितलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी तेच. "आंबट असतील," हे म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा. ग्रुपवर काकांनी विचारलं, "हळद्याचं काय झालं मग?" आणि पुढे हसरा चेहरा. तो हसरा चेहरा बघून मला जेवण गेलं नाही, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मग ह्यांनीच मला चोरून मेहुण्याला फोन केला असावा. कारण एका रविवारी सकाळी भाऊ दारात हजर. डोक्यावर टोपी, काखेत पेटी, चेहरा पंचासारखा.

"एक घड," तो म्हणाला. "एकच. आन मी समोर बसणार. बघू तर दे तुझं पाव्हणं."

चादरीमागे दोन स्टुलं टाकली. घड परळात ठेवला. आम्ही दोघं भाऊ-बहीण खांद्याला खांदा लावून बसलो. मी त्याला बजावलं, हलायचं नाही, खोकायचं नाही, मोबाइल बंद. त्यानं मान हलवली. सातभाई भांडून गेले. खार आली, तिला द्राक्षं नको होती, निजायचं होतं. जागा नाही म्हटल्यावर गेली. भावाचा पाय हलायला लागला तशी मी त्याला कोपर मारलं. आणि आला! हळद्या थेट परळाच्या काठावर, ऊन अंगावर घेऊन, मान तिरकी करून. मी नळी फिरवली. काजळ दिसलं. बोट बटणावर टेकलं...

"हाऽऽ हुर्रर्रऽऽऽ!"

कानाशी इतका आवाज झाला, की चादर दोरीवरून खाली आली. हळद्या गेला, पारवे गेले, शेजारणीचं मांजर कुंपणावरून पडलं. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. माझ्या फोटोत एक कपड्याचा चिमटा आला, अगदी स्पष्ट.

"मेल्या!" मी किंचाळले. "काय केलंस हे?"

त्याचं तोंड रडवेलं झालं होतं. "आक्का, शप्पथ, मी नाय वरडलो. तोंडच वरडलं! समोर पाखरू, पाखराखाली द्राक्षं... मला कळायच्या आत निघून गेलं गं ते!"

मी ऐकलं नाही. चहासुद्धा विचारला नाही, नीघ म्हटलं. तो गेल्यावर ह्यांनी चादर उचलली, घडी घातली आणि शांतपणे विचारलं, "त्याला असं ओरडायला शिकवलं कोणी?"

ह्यांना माहीत होतं. लहानपणी शेतात ज्वारी हुरड्याला आली की आम्हा दोघांना माळ्यावर चढवायचे पाखरं हाकलायला. तो चिमुरडा, त्याचा आवाज ज्वारीच्या शेजारच्या ताटापर्यंतही पोचायचा नाही. पोटातून ओरड, असं ओरड, असं सांगून मीच त्याला पढवलं होतं. माझी आरोळी गावात पोचायची.

द्राक्षांचा हंगाम संपत आला. मी परळात बाजरी टाकत होते आणि चादरीचं भोक शिवायला काढलं होतं, तेव्हा त्याचा फोन आला.

"ये. कॅमेरा घेऊन ये. दाजींनाबी आण."

"कशाला?"

"दोन हायेत. नवरा-बायको. रोज सकाळी येत्यात. नवरा लय देखणा हाय, बायको जरा हिरवट. आधी बांधावरच्या बाभळीवर बसत्यात, मग खाली." मग एकदम आवाज चढवून, "मी काय मुद्दाम बघत नाय बसलेलो. दिसत्यात म्हणून सांगितलं."

गेलो. सगळा माल निघाला होता, जाळ्या गुंडाळून ठेवल्या होत्या. पण बांधाकडच्या शेवटच्या ओळीत चार-पाच वेलींवर घड तसेच लटकत होते. "राहून गेलं तोडायचं," भाऊ म्हणाला. राहून गेलं म्हणे! ह्या माणसाच्या बागेत काडी राहून जात नाही. मी गुपचूप वेलीआड बसले. हे माझ्या मागे बसले, न बोलता, हे विशेष. भाऊ पलीकडच्या खांबाजवळ उभा राहिला, बरोबर समोर, पण त्याला हटवायला वेळ नव्हता.

हळद्या बाभळीवरून उतरला आणि घडावर बसला. मी कॅमेऱ्यातून बघितलं. पिवळा रंग, काजळ, चोचीत द्राक्ष. आणि मागे माझा भाऊ, दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलेलं, डोळे बाहेर आलेले, चेहरा लालेलाल. मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. हळद्यानं आरामात तीन द्राक्षं खाल्ली, चोच पुसली. तोवर भाऊ जागचा हलला नाही.

"झालं का?" बोटांच्या फटीतून आवाज आला.

"झालं!"

त्यानं हात काढले आणि "हाऽऽ हुर्रर्रऽऽऽ!" सकाळपासूनचं कोंडलेलं सगळं बाहेर आलं. बाभळीवरची, बांधावरची, शेजारच्या बागेतली पाखरं फर्रकन वर उठली. आणि देवाशप्पथ सांगते, माझंही तोंड उघडलं. पोटातून. दोन बागांपलीकडे कुत्री भुंकायला लागली.

भाऊ कंबरेवर हात ठेवून हसत उभा होता. "अजून तुझाच मोठा हाय गं आवाज," म्हणाला.

संध्याकाळी मी फोटो ग्रुपवर टाकला. हे म्हणाले, मागचा भाग कापून टाक, पक्षी उठून दिसेल. मी म्हटलं, काही कापायचं नाही. काकांचं उत्तर आलं.

"हळद्या मान्य. मागच्या गृहस्थांची दाढ दुखतेय का?"

मी लिहिलं, "हो. फार सोसलं बिचाऱ्यानं."