मांडीवर देल्लेला भाऊ

शाळेच्या बुकात माह्या मधल्या भावाचं नाव 'चंद्रभान नत्थुजी' असं लिवलेलं हाय. आमच्या बापाचं नाव महादेवजी. नत्थुजी आमचा बाप नाही, काका नाही, मामाही नाही. लोक विचारतात, मंग हे नाव आलं कुठून. इतके दिवस मी उडवून लावत होतो. आता सांगतो. चूक माही होती, आन माह्या चुकीची गोष्ट दुसऱ्यानं सांगावी हे मले खपत नाही.

आमी भातकुलीचे माळी. आमच्या वाडीतल्या वांग्याले अमरावतीच्या बाजारात लोक नावानं ओळखत. माय आन बाप पटकीनं एकाच आठवड्यात गेले. तवा मी अठराचा, चंद्रभान पाचाचा, देवीदास तीनाचा. भाकरी मी थापल्या, आंघोळी मी घातल्या, देवीदासले पाठीशी बांधून मोट हाकली. दुसरा कोनी असता तर पोट्टे मामाच्या दारात सोडून मोकळा झाला असता. कोनी कीव करून राहिलं का मी म्हनो, "यायची माय मी, यायचा बापही मीच." हे मी इतक्या वेळा म्हनलो का गावातले पोट्टे माही नक्कल करत. मले त्याचं काही वाटत नव्हतं. खरंच होतं ते.

मंग तिकडं अमेरिकेत लढाई लागली, तिथला कापूस अडला, आन इकडं भाव चढून मानसं कापसानं येडी झाली. मिरचीचे वाफे मोडून लोकायनं कापूस पेरला. चुलत्यानं आमच्या वाडीतही कापूस लावाचं काढलं, माहं त्याच्याशी वाजलं, आन मी वाडी त्याच्या अंगावर टाकून निंगालो. अकोल्यात कापसाच्या वखारीत वजनाचा काटा वाचनारा मानूस पायजे होता. मी गावठी शाळेत तीन सालं बसलेलो, आकडे मले तोंडपाठ. निंगताना चावडीवर उभा राहून सांगतलं, "माह्या भावायले सरकारी शाळेत घालतो. चंद्रभानले कचेरीत बसवतो. नाही बसवला तर भातकुलीत तोंड दाखवनार नाही." शंभर मानसायनं ऐकलं. म्हंजे वापस जाची वाट मी माह्याच तोंडानं बंद केली.

अकोल्यात खोली भेटली जुन्या शहरात. वखार तिथून जवळ. शाळा मात्र मोरना नदीच्या पल्याड. मास्तर पुन्याकडचे. त्यायनं दोघायले वाचाले लावलं, खूश झाले, आन मंग विचारलं, राहता कुठं. मी सांगतलं. त्यायनं टाक खाली ठेवला. म्हनले, "नदीपलीकडची मुलं पावसाळ्यात येत नाहीत आणि जागा अडवून बसतात. शाळेच्या बाजूला राहणारा पालक आणा. दोनच जागा आहेत, सोमवारपर्यंत ठेवतो."

मले काट्यावर सूर्य उगवाच्या आत उभं राहा लागे. पोट्ट्यायले नदी कोन पार करवनार, हा एक घोर. पालक कुठून आनू, हा दुसरा. दोन्हीचा इलाज एकाच मानसात सापडला.

नत्थुजी आमच्याच जातीचा, शाळेच्या बाजूनं त्याची वाडी. रोज पहाटे तो बंडीत सांभार-पालकाच्या जुड्या, वांगे घालून जुन्या शहरात ये, आन माल खपला का शाळेच्या टायमाले रिकामी बंडी घेऊन वापस जाये. पन्नाशीचा, कमी बोलनारा. बायको मैनाबाई. लेकरू झालं नव्हतं. बंडीत पोरं न्याले तो लगेच हो म्हनला. संध्याकाळी काम सुटलं का मी जाऊन त्यायले पायी आननार, असं ठरलं. पन पालक व्हा म्हनलं तर अडला. म्हने, "मास्तर विचारनार, हे लेकरू तुहं कोन? मी काय सांगू? खोटं माह्या तोंडातून निंगत नाही."

त्या दिवशी त्याच्या वाडीत विहिरीची पूजा होती. जातीतले दहा-बारा लोक जेवून बसले होते. मले वाटलं, इतक्या लोकायसमोर हा मानूस मले नाही कसा म्हनते. मी चंद्रभानले उचललं आन नत्थुजीच्या मांडीवर नेऊन बसवलं. देवीदासलेही बसवनार होतो, पन तो माह्या धोतरामांगं दडला. मी मोठ्यानं म्हनलो, "घ्या. आजपासून हा तुमचा. याची माय मी, याचा बाप मी, आन मीच देऊन राहिलो. आता तर खोटं बोला लागत नाही ना?"

सारे हासले. नत्थुजी हासला नाही. मैनाबाई उठून घरात गेली, गुळाची ढेप घेऊन आली, आन एकेकाच्या हातावर गूळ ठेवला. मीही खाल्ला. मले वाटलं, शाळेचं तोंड गोड करून राहिली.

आमच्यात दत्तकाले पोथी लागत नाही, होम लागत नाही. देनाऱ्यानं तोंडानं देल्लं, घेनाऱ्यानं मांडीवर घेतलं, चार लोकायनं गूळ खाल्ला का झालं. हे मले माहीत नव्हतं असं नाही. चार लग्नं-बारशी मी पाह्यलेली. पन त्या घडीले माह्या डोक्यात फक्त सोमवार होता.

सोमवारी नत्थुजी मास्तरापुढं गेला आन म्हनला, थोरला माहा, धाकटा त्याचा भाऊ, दोघंही माह्याकडं. मास्तरायनं लिवून घेतलं. वखारीत मी त्या दिवशी साऱ्यायले सांगतलं का जे लोकायले महिने-महिने जमत नाही ते या सहदेवनं चार दिवसांत केलं.

आखाडात मोरना भरली. पाच दिवस उतार नव्हता. पोट्टे नत्थुजीकडंच राहिले. सहाव्या दिवशी पानी उतरलं आन नत्थुजीची बंडी आली, तर तिच्यात एकटा देवीदास. मी विचारलं, चंद्रभान कुठी. देवीदास म्हनला, "भाऊले नवं धोतर नेसवलं. लोकायले जेवू घातलं. तो आता तठीच राहनार हाय म्हने." नत्थुजी बैलाकडं पाहत राहिला.

मी काटा सोडून नदी पार केली. मैनाबाई ओसरीवर सांभार निवडून राहिली होती. मी जे बोललो ते लिवन्यासारखं नाही. तिनं ऐकून घेतलं. मंग म्हनली, "सहदेवा, मी मागतलं नव्हतं. तू देल्लं."

चंद्रभान दारात उभा होता. कोरी टोपी घातलेला. माह्याकडं पळत आला नाही. तठूनच म्हनला, "दादा, तू मले काहून देल्लं?"

त्याले हात धरून ओढून आनला असता तर कोनी अडवलं नसतं. पन मंग बंडी बंद, पालक बंद, दोघायची शाळा बंद, आन भातकुलीची वाट तर मी आधीच बंद केलेली. नाही आनला तर भाऊ गेला. मी तसाच वापस आलो. वखारीत धोकड्यात म्हंजे मोठ्या पोत्यात कापूस भरताना एक मानूस आत उतरते आन पायानं कापूस दाबते, वरून अजून टाकतात, तो अजून दाबते. तसं मले त्या दिवसांत वाटे, फक्त मी पायाखाली होतो. काट्यावर दोनदा आकडा चुकलो. आधी कधी चुकलो नव्हतो. देवीदास शाळेतून येऊन सांगे, आज भाऊनं मले त्याची भाकर देल्ली.

पंधरा दिवसांनी मी जातपंचायत बसवली. मारुतीच्या पारावर सारे जमले. मधात खुशालराव, म्हातारा मानूस, त्याच्या शब्दापुढं कोनी जात नसे. विहिरीच्या पूजेले होते ते सारे आले होते आन साऱ्यायनं एकच सांगतलं: यानं देल्लं, त्यानं घेतलं, आमी गूळ खाल्ला. मी म्हनलो, ते शाळेसाठी होतं. एक जन म्हनला, शाळेत गूळ वाटतात काय रे.

खुशालरावनं सारं ऐकलं. मंग म्हनला, "लेकरू द्याचा हक माय-बापाले. भावाले तो हक नाही. भावानं देल्लं असन तर ते देल्लंच नाही." माह्या जिवात जीव आला. तेवढ्यात त्यानं विचारलं, "पन हा तर साऱ्या गावाले सांगत फिरते का मीच माय, मीच बाप. देतानाही तेच म्हनला. त्यानं वाढवलंही बापासारखंच. मंग मी काय धरू? सहदेव, तूच सांग. तू याचा बाप का भाऊ?"

बाप म्हनलो तर चंद्रभान गेला. भाऊ म्हनलो तर चार सालाच्या भाकरी, मोट, पाठीवरचं लेकरू, सारं एका शब्दात गेलं. चंद्रभान नत्थुजीजवळ बसला होता आन माह्या तोंडाकडं पाहून राहिला होता.

मी म्हनलो, "भाऊ."

खुशालराव म्हनला, "मांगच्यायले ऐकू नाही आलं."

"मी याचा भाऊ हाय. बाप नाही, माय नाही. मले द्याचा हक नव्हता."

मांगून कोनीतरी म्हनलं, आज समजलं याले. लोक हासले. मी आयुष्यात दुसऱ्या कोनाचं हासनं असं गिळलं नाही. चंद्रभान उठून माह्याजवळ आला आन माह्या धोतराचा सोगा धरला. मैनाबाई म्हनली, त्याची पाटी घरी राह्यली. ती उठून गेली, पाटी घेऊन आली, पदरानं पुसली, आन त्याच्या हातात देल्ली. माह्याकडं पाह्यलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वखारीत सांगतलं का उशिरा येतो, आन दोघायले घेऊन घाटावर गेलो. खांद्यावर न्याचं ठरवलं होतं. घाटावर नत्थुजीची बंडी उभी होती. तो पोट्ट्यायले म्हनला, "बसा." मले काही म्हनला नाही. मी मास्तरायकडं जाऊन नाव बदलाले सांगतलं. ते म्हनले, बदलतो, पण मग पालक नाही, जागाही नाही. मी म्हनलो, राहू द्या.

पाच सालं झाली. रोज सकाळी मी माहे भाऊ त्या बंडीत बसवले, आन पाच सालं नत्थुजी माह्याशी एक शब्द बोलला नाही. नदी भरली का पोट्टे त्याच्याकडं राहत, आन पानी उतरलं का मैनाबाई त्याच दिवशी दोघायले धाडे. भावासाठी मी जे केलं ते अकोल्यात कोनी केलं नाही, हे मी आजही म्हनतो. पन रोज घाटावर उभं राहून ते म्हनता येत नसे.

यंदा परीक्षेत चंद्रभान पहिला आला. साऱ्या शाळेत पहिला. बक्षिसाच्या दिवशी मी नवी पगडी बांधून पुढं बसलो. बक्षीस देनाऱ्या साहेबानं नाव पुकारलं, "चंद्रभान नत्थुजी." लोक वळून मांगं पाहाले लागले. मांगं दाराशी नत्थुजी उभा होता, डोक्यावर भाजीची रिकामी डाल. कोनीतरी त्याले म्हनलं, तुमचा पोरगा लय हुशार हाय बुवा.

याले मी वाढवलं, हे सारं माह्या तोंडात आलं होतं. नत्थुजीनं माह्याकडं पाह्यलं, पाच सालांत पहिल्यांदा. मी मान डोलावली.

तो त्या मानसाले म्हनला, "हाव."