परतीचा भोंगा

श्री. कचरूभाऊ गांगुर्डे यांची आणि माझी पहिली ओळख एका निनावी पत्राने करून दिली. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नाशिकच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो आणि पत्र पिंपळगाव बसवंतच्या पुढच्या एका गावाहून आले होते. गावच्या ट्रस्टच्या रुग्णवाहिकेतून म्हाताऱ्या बाजारहाट करतात, अशी तक्रार होती. आजारी माणसाला न्यायला गाडी चोरासारखी गुपचूप येते आणि भाजी घेतलेल्या म्हातारीला सोडायला मात्र भोंगा वाजवत येते, तरी चौकशी व्हावी. त्या गाडीचे चालक म्हणजे आपले आजचे सत्कारमूर्ती.

संस्कृत पाठशाळेत मी थोडे तर्कशास्त्र शिकलो होतो. धूर दिसला की अग्नी मानावा, एवढे त्यातले पक्के लक्षात होते. स्कूटर काढली आणि पिंपळगावच्या बाजाराबाहेर दबा धरून बसलो. दुपारी गाडी आली. मागच्या दाराने एक आजी उतरल्या, मेथीच्या दोन जुड्या निवडून घेतल्या आणि पुन्हा आत जाऊन बसल्या. मी मागोमाग निघालो. गाव जवळ येताच भोंगा सुरू झाला. गाडीने मारुतीच्या पाराला सावकाश एक अख्खी प्रदक्षिणा घातली आणि आजी जुड्या चारचौघांना दिसतील अशा धरून उतरल्या. याहून दाट धूर कुठे मिळणार?

ट्रस्टचे अध्यक्ष अण्णा माझ्याहून घाईत होते. बातमी छापून येऊ द्या, त्याच दिवशी कचरूला घरी बसवतो, म्हणाले. कचरूभाऊंना स्टिअरिंगखेरीज दुसरा आधार नव्हता, हे मला ठाऊक होते. पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य. मी दोन दिवस मागून घेतले आणि गाडीत बसू देण्याची विनंती कचरूभाऊंना केली. त्यांनी माझ्या वहीकडे एकदा पाहिले आणि शेजारची सीट उपरण्याने पुसून दिली. एवढी सभ्यता मला फारच संशयास्पद वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीतून फोन आला. मळ्यातल्या हौसाबाईंना दरदरून घाम फुटला होता, छातीवर दगड ठेवल्यासारखे होत होते. कचरूभाऊंनी भोंगा न वाजवता गाडी नेली आणि घरापासून लांब, शाळेच्या मागे उभी केली. मी वहीत 'दिरंगाई' असे लिहिले. घराला आतून कडी होती आणि मुलगा बाहेरून विनवण्या करत होता.

"काकू, कचरू आलोय. घोटभर पाणी द्या," कचरूभाऊ म्हणाले.

पाण्याला नाही म्हणणे त्या घरच्या रीतीत बसत नसावे. कडी निघाली. दारापाशीच भिंतीला टेकून बसलेल्या हौसाबाईंनी माठाकडे बोट केले.

"पाणी घे. पण त्या गाडीत मी नाय बसायची. आमचे हे बसले होते. माघारी आले ते झाकून."

"मीच आणलं होतं, काकू," कचरूभाऊ म्हणाले. मला वाटले, आता सगळे संपले.

तेवढ्यात शेजारच्या सीताआजी आल्या. कालच्या मेथीवाल्या त्या याच.

"मी दोन बारी बसले ना गं. दोन्ही बारीला मेथी घेऊन आले. भोंगा ऐकला नाय का तू?"

"ऐकला," हौसाबाई म्हणाल्या. थोडा वेळ दम खात राहिल्या. मग मुलाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाल्या, "मला मेथी नको. मी वांगी आणीन."

मुलाने आणि कचरूभाऊंनी त्यांना खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवले. हायवेला लागताच भोंगा सुरू झाला तो थेट नाशिकच्या दवाखान्यापर्यंत. आणखी उशीर झाला असता तर आणण्यात अर्थ नव्हता, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले.

येताना मी कचरूभाऊंना जाब विचारला. त्यांनी तो रस्त्यावरची नजर न काढता दिला. भोंगा ऐकला की म्हातारी माणसे आतून कडी लावतात, म्हणून गावात नेताना तो बंद. "आणि दवाखान्यातून रिकाम्या हातानं आलं की लोक म्हणतात, डॉक्टरनी आशा सोडली, घरी न्या म्हणाले. हातात भाजी असली की गावाला पटतं, हे माणूस आज सैपाक करणार हाय."

चुकीच्या कारणावर बेतलेल्या अनुमानाला आमच्या शास्त्रात हेत्वाभास म्हणतात. तो धडा झाला त्या दिवशी मी बहुधा गैरहजर होतो.

अण्णांना मी सारे सांगितले. "तुम्हालाही गाडीतून फिरवून आणलं वाटतं," ते म्हणाले. माझ्यावरचा हा संशय रास्तच होता. शेवटी हौसाबाई परतल्या त्या दिवशी अण्णा स्वतः पारावर येऊन बसले. भोंगा झाला, प्रदक्षिणा झाली. हौसाबाई पिशवीभर वांगी घेऊन उतरल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "अण्णा, तुम्ही पण जाऊन या एकदा. लय घाम येतो तुम्हाला." कचरूभाऊंना घरी बसवण्याचा विषय अण्णांनी पुन्हा काढला नाही. मी 'दिरंगाई' हा शब्द खोडला.

एक संशय मात्र इतक्या वर्षांत फिटलेला नाही. ज्यांना आणायला कोणी येत नाही, अशा म्हाताऱ्यांच्या हातातही उतरताना भाजी असतेच. ती कोण घेऊन देते, असे विचारले की कचरूभाऊ आरसा पुसू लागतात. आणि जे जिवंत परत येत नाहीत, त्यांना ते भोंगा न वाजवता, पाटाकडच्या रस्त्याने, बैलगाडीच्या वेगाने आणतात.

आज कचरूभाऊंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही माझी प्रार्थना मनापासूनची आहे. निःस्वार्थी आहे असे कोणी समजू नये. मी इंदिरानगरात राहतो, तिथे याहून वेगाच्या गाड्या दारात येतात. पण माझेही रक्तदाबाचे कागद आता जाड होत चालले आहेत, आणि आतून कडी लावणाऱ्यांपैकीच मी आहे, हे मला पक्के ठाऊक आहे. तेव्हा माझ्यावर ती वेळ येईल त्या दिवशी दाराबाहेर येऊन पाणी मागायला कचरूभाऊच असावेत. परतताना त्यांनी आमच्या कॉलनीला एक अख्खी प्रदक्षिणा घालावी, भोंगा मोठ्याने वाजवावा. भाजी कोणती आणायची ते मी ठरवून ठेवले आहे.