सापळ्यातली साक्षीदार

साताऱ्याला पाटबंधारे खात्यात कारकून असताना एका सकाळी साहेबांनी मला बोलावलं. "लाचलुचपतवाल्यांना पंच हवाय. सरकारी नोकरच लागतो. तुम्ही जा." पंचानं काय करायचं असतं, हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

तक्रारदार फौजेतून निवृत्त झालेला हवालदार होता, वडूजकडच्या एका गावचा. वडील वारल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागावं यासाठी तो कितीतरी महिने तलाठ्याकडे खेटे घालत होता. मी त्याची बहीण म्हणून सोबत जायचं आणि तलाठी काय मागतो ते ऐकायचं, असं ठरलं. वाटेत तोच मला म्हणाला, "ताई, घाबरू नगा. लय झालं तर वरडंल."

तलाठ्यानं उठून मला खुर्ची दिली, चहा सांगितला. मग हवालदाराकडे बघून म्हणाला, "आणलंय का?" हवालदारानं पावडर लावलेल्या नोटा पुढं केल्या, त्या तलाठ्याच्या खिशात गेल्या. ठरल्याप्रमाणे हवालदारानं टोपी काढली आणि पथक आत आलं. त्यांच्या दिव्याखाली तलाठ्याची बोटं निळसर चमकली. तो रडायला लागला. मी पंचनाम्यावर सही केली.

खटला उभा राहीपर्यंत माझी सांगलीला बदली झाली होती, चौथीतली मुलगी कॉलेजात गेली होती. साक्षीला हवालदार आधी उभा राहिला. "तलाठी साहेबांनी काय मागितलं न्हवतं. मीच बळं हातात दिलं," म्हणाला. मग माझी पाळी आली.

आरोपीच्या वकिलांनी विचारलं, "'आणलंय का' म्हणजे कागदपत्रं, असं असू शकतं?"

"पण त्यांचा रोख..."

"असू शकतं की नाही?"

"असू शकतं," मी म्हणाले.

जिन्यात हवालदार भेटला. माझ्याकडे न बघताच बोलू लागला. "नोंद झालीच न्हवती, ताई. नवा तलाठी म्हणायचा, तुमी तक्रारवाली माणसं, आदी कोर्टाचा निकाल लागू द्या. मग ह्या जुन्या तलाठ्याला परत कामावर घेतला, तालुक्यालाच. त्येनं निरोप धाडला. मी साक्ष फिरवतो म्हणलं, आन पंधरा दिसांत नाव लागलं."

"एवढी वर्षं सीमेवर काढलीत तुम्ही," मी म्हणाले.

"तितं माज्यासंगं पलटण हुती."

मागणी सिद्ध होत नाही म्हणून तलाठी सुटला. मला राग आला, पण कुणावर धरावा ते कळेना. पथकानं आपलं काम चोख केलं होतं. त्या माणसाची नोंद पुढं कोण करून देणार, हे मात्र कुणाच्याच कामात बसत नव्हतं.

गेल्या महिन्यात सांगलीच्या ऑफिसात पुन्हा पंच हवा म्हणून लाचलुचपतवाल्यांचं पत्र आलं. बाकीच्यांना नेमकी रजा हवी होती. मी गेले. या वेळी तक्रारदार कडेगावकडची एक विधवा बाई होती. गाडीत मी तिला विचारलं, "हा माणूस पकडल्यावर तुमचं मूळ काम कोण करणार?"

तिनं याचा विचार केला नव्हता. तिनं तोच प्रश्न पुढं बसलेल्या अधिकाऱ्यांना विचारला.

"ते आपण नंतर बघू," ते म्हणाले, आणि त्यांनी तिला टोपीऐवजी पदर डोक्यावर घ्यायची खूण समजावून सांगितली.